मागे बसलं म्हणून काय झालं?



उन्हाळा लागला की अ‍ॅशबर्नमधल्या आपल्या घरांत आई-वडील, सासू-सासरे, एखादी मावशी, एखादे काका अशी देशातली मंडळी यायला लागतात. डलेस विमानतळ घराच्या इतका जवळ, की दर शनिवार-रविवारी आपल्यापैकी कुणी ना कुणी तिथे न्यायला-आणायला असतोच. या पाहुण्यांच्या निमित्ताने एक जुनाच विषय पुन्हा काढावासा वाटतो, तो म्हणजे गाडीतल्या मागच्या सीटचा पट्टा.

आधी कायद्याचं. १ जुलै २०२५ पासून व्हर्जिनियात मागे बसणाऱ्या मोठ्या माणसांनाही पट्टा बांधणं सक्तीचं झालं आहे. त्याआधी अठरा वर्षांवरच्या माणसाला ही सक्ती फक्त पुढच्या सीटवर होती. ‘मागे चालतं’ हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य तेव्हा अगदीच खोटं नव्हतं. आता मात्र खोटं आहे. दंड पंचवीस डॉलर. नुसत्या या कारणावरून पोलीस गाडी थांबवू शकत नाहीत, दुसऱ्या कशासाठी थांबवली तर हाही दंड लावू शकतात. म्हणजे कायदा तसा मवाळच म्हणायचा. पंचवीस डॉलरात हल्ली चौघांचं धड जेवणही होत नाही, तेव्हा त्या भीतीने कुणी पट्टा बांधेल अशी आशा आम्ही धरत नाही.

भीती दुसऱ्या गोष्टीची वाटायला हवी. ३ जून २०१४ रोजी पहाटे गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. मंत्रिपदाची शपथ घेऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि बीडला सत्कार ठरला होता. चौकात बाजूने दुसरी गाडी धडकली. मुंडे मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. ना दरीत कोसळणं, ना ट्रकखाली सापडणं. शहरातल्या रस्त्यावरची ती एक धडक होती, आणि माणूस गेला. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, त्यांनी उघडपणे सांगितलं की पट्टा असता तर मुंडे वाचले असते.

पुढे ४ सप्टेंबर २०२२. उदवाड्याहून मुंबईला परतताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज, म्हणजे सुरक्षिततेच्या सोयींत काही उणं नाही. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. खरं तर देशातल्या मोटार वाहन नियमांत मागच्या सीटचा उल्लेख पूर्वीपासून होताच, पण तो वाचतो कोण! तिकडे टॅक्सीत मागचं बक्कल सीटच्या कव्हराखाली गाडलेलं असतं. पट्टा न बांधता गाडीची घंटी बंद करणाऱ्या चापाही राजरोस विकल्या जात होत्या, शेवटी सरकारला त्या बाजारातून काढायला लावाव्या लागल्या. अशा सवयीतून आलेल्या माणसाला इथे पहिल्या दिवशी ‘पट्टा बांधा’ म्हटलं तर तो हसणारच.

‘आपण काय लांब चाललोय? इथल्या इथे तर जायचंय.’ हा युक्तिवाद आम्ही इतक्या घरांत ऐकला आहे की त्याचा हिशोबच मांडून दाखवतो. वॅक्सपूल रोड म्हणा, लाउडन काउंटी पार्कवे म्हणा, देवळात किंवा वाण्याकडे जायचं तरी गाडीचा वेग ताशी पस्तीस मैलांच्या खाली नसतोच. पस्तीस मैलांच्या वेगात गाडी एकदम थांबली की आतल्या न बांधलेल्या माणसाचा वेग तेवढाच राहतो, आणि तो समोरच्या सीटवर जाऊन आदळतो. हा वेग साडेबारा मीटर उंचीवरून पडल्यावर येतो, तेवढा आहे. म्हणजे डोंबिवलीतल्या सोसायटीचा चौथा मजला. पंचेचाळीस मैलांचा वेग धरला तर सहावा-सातवा. चौथ्या मजल्याच्या गच्चीला कठडा नसता तर आपण आईला तिथे खुर्ची टाकून बसवलं असतं का?

आणि जो मागे सुटा बसतो तो एकटाच धोक्यात नसतो. त्याचं साठ-सत्तर किलोचं वजन पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन पडतं, आणि त्या सीटवर आपला मुलगा नाहीतर सून गाडी चालवत असते. आजोबांना हे सांगून पाहावं. स्वतःसाठी पट्टा न बांधणारे आजोबा नातवाच्या बापासाठी तो मुकाट्याने बांधतात, असा आमचा अनुभव आहे. एअरबॅगचा भरवसाही मागे धरू नये. समोरून फुगणारी पिशवी बहुतेक गाड्यांत फक्त पुढच्यांसाठी असते, आणि तीही पट्टा बांधलेला आहे हे गृहीत धरूनच बनवलेली असते.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत, त्यांची थट्टा करून चालणार नाही. साडी नेसलेल्या आईला पट्टा काचतो, बक्कल कुठे आहे ते दिसत नाही, छातीवर दाबल्यासारखं होतं, बायपास झालेल्या बाबांना भीती वाटते. यावर उपाय असा: गाडी दारात उभी असतानाच, घाई नसताना, एकदा नीट बसवून दाखवावं. खालचा पट्टा पोटावर नको, त्याच्या खाली कमरेच्या हाडांवर, नीट चपटा बसला पाहिजे. पदर आणि शाल त्याच्या वर घ्यावी, खाली बोळा होऊ देऊ नये. वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवरून जावा. गळ्याला लागतो म्हणून तो काखेतून काढायची युक्ती बऱ्याच जणी करतात, ती धोक्याची आहे, बरगड्या आणि पोट त्यात सापडतात. बऱ्याच गाड्यांत खांद्याचा पट्टा खाली-वर सरकवता येतो, तो सरकवून पाहावा. गरोदर मुलींनी खालचा पट्टा पोटाखालून घ्यावा. ऑपरेशन ताजं असेल तर डॉक्टरांना विचारावं. गंमत अशी, की हीच माणसं मुंबईहून इथवर पंधरा-सोळा तास विमानात पट्टा बांधून आलेली असतात, एका अक्षराने तक्रार न करता. हवाई सुंदरीचं ऐकतात आणि लेकाचं ऐकत नाहीत, इतकंच.

लेकरांच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचंही ऐकणार नाही. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत व्हर्जिनियात मुलाला त्याच्या मापाची सीट हवी, आणि दोन वर्षांपर्यंत, किंवा पुढे तोंड करण्यासाठी त्या सीटवर लिहिलेलं किमान वजन होईपर्यंत, तोंड मागे. रडणाऱ्या नातीला आजी मांडीवर घ्यायला मागते, तिची माया आम्हाला कळते. पण दहा किलोचं मूल धडकेच्या क्षणी दीडशे किलोंच्या ओढीने हातातून सुटतं, जगातली कुठलीही आजी ते धरू शकत नाही. रडणं सोसवत नसेल तर पुढच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवा, काढून घ्या, शांत करा, पुन्हा बसवा. हिवाळ्यात जाड कोटावरून सीटचे पट्टे आवळू नयेत. कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढून आधी मूल बांधावं, मग कोट वरून पांघरावा.

जुनी गाडी घेणाऱ्या नव्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. टकाटा कंपनीच्या एअरबॅगांत दोष निघाला आणि अमेरिकेत सुमारे सहा कोटी सत्तर लाख पिशव्या परत बोलवाव्या लागल्या. फुगताना त्यांतून धातूचे तुकडे उडून माणसं दगावली आहेत. सर्वांत धोक्याच्या ठरल्या त्या २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्या. त्यांतल्या काही पिशव्या चाचणीत निम्म्या वेळा फुटू शकतात असं दिसलं. सस्त्यात मिळणारी जुनी सिव्हिक किंवा अ‍ॅकॉर्ड आपल्याकडे नव्याने आलेली मुलं हौसेने घेतात. गाडीच्या काचेशी, चालकाच्या बाजूला, सतरा अक्षरांचा नंबर असतो. तो सरकारी महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. दुरुस्ती डीलरकडे फुकट होते.

फोनविषयी थोडक्यात: १ जानेवारी २०२१ पासून गाडी चालवताना हातात फोन धरणं गुन्हा आहे, पहिल्यांदा १२५ डॉलर, पुढे २५०. वेगाविषयी त्याहून थोडक्यात, पण जरा गंभीरपणे. मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त, किंवा पंच्याऐंशीच्या वर, की व्हर्जिनियात ते साधं तिकीट राहत नाही, तो फौजदारी गुन्हा होतो. व्हिसा आणि ग्रीन कार्डाचे अर्ज भरणाऱ्यांना त्याचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको. ग्रीनवेवर रस्ता मोकळा दिसला की पाय जड होतो, तेव्हा हे आठवावं.

राहता राहिला आपल्या मंडळाचा प्रश्न. गणपतीला आणि दिवाळीला ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना आणायची यादी आपण करतो, आणि दर वर्षी ‘थोडं सरकून घ्या, मावतील’ असं म्हणत सात जणांच्या गाडीत नऊ जण बसतात. आमचं स्पष्ट मत आहे की यापुढे यादीत गाडीपुढे माणसांचा आकडा न लिहिता पट्ट्यांचा आकडा लिहावा, आणि लहान मुलांच्या सीटा त्यातून आधीच वजा कराव्यात. गाड्या कमी पडल्या तर दोन फेऱ्या माराव्यात, आरती दहा मिनिटं उशिरा सुरू करावी. ज्यांच्याकडे मुलांनी वापरून झालेल्या, मुदत न संपलेल्या आणि अपघातात न सापडलेल्या सीटा पडून असतील, त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी घेऊन याव्यात. सुट्टीत नातवंडं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना त्या महिनाभर वापरायला देता येतील.