आवाज आला म्हणून क्लचची वायर ताणू नका

क्लचमधून आवाज यायला लागला की आपण गाडी गॅरेजला लावतो, किल्ली देतो आणि घरी येतो. संध्याकाळी फोन येतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आपण हो म्हणतो, कारण नाही म्हणायला आपल्यापाशी काही नसतं.

माझं एवढंच सांगणं आहे, की किल्ली देण्याआधी दहा मिनिटं तुम्ही स्वतः गाडीजवळ घालवा. त्याला हत्यार लागत नाही. कान लागतो आणि डावा पाय.

सगळ्यात आधी पेडलच्या खाली बघा. आमच्या सोसायटीतल्या एका शिक्षिकाबाईंच्या छोट्या गाडीत रिव्हर्स टाकताना करकर व्हायची. क्लच प्लेट बदलावी लागेल, असं त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं. पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली होती. मी दार उघडून खाली वाकलो. गाडीबरोबर आलेली मॅट, तिच्यावर जाड रबरी मॅट आणि पावसाळ्यात चिखलासाठी टाकलेलं पायपुसणं, असे तीन थर निघाले. पेडल पूर्ण खाली जाण्याआधीच पायपुसण्यावर टेकत होतं. वरचे दोन थर काढले. रिव्हर्स लोण्यासारखा पडला.

पेडलमागे पाण्याची बाटली, मुलांचा चेंडू, चप्पल असलं काही गेलेलं नाही ना, तेही बघून घ्या. ब्रेकच्या पेडलसाठीही हे बघणं तितकंच गरजेचं आहे.

आता क्लच करतो काय ते थोडक्यात सांगतो. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. एक फिरवला की दुसराही फिरतो. सैल केले की एक फिरला तरी दुसरा जागेवर राहतो. इंजिनाचं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट अशीच दाबून धरलेली असते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा वायर ओढली जाते, फोर्क नावाचा दांडा हलतो, त्याने रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. म्हणजे पाय पेडलवर असतो तेव्हा प्लेट सुटलेली असते, पण बेअरिंग कामाला लागलेलं असतं. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच आहे.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इंजिन चालू करा. रेडिओ बंद, एसी बंद, काच खाली. पार्किंगला भिंत जवळ असेल तर उत्तम, आवाज आपटून परत येतो. बंदिस्त गॅरेजात मात्र इंजिन चालू ठेवून बसू नका, धूर साठतो.

पाय पेडलवरून पूर्ण काढा आणि ऐका. मग पेडल हलकेच दाबा, जेमतेम जड लागेपर्यंत. थांबा, ऐका. मग पूर्ण दाबा. पुन्हा सावकाश सोडा. असं तीन-चार वेळा करा.

पेडल दाबलं की चिरका किंवा घरघरता आवाज सुरू होतो आणि सोडलं की थांबतो? मग संशय रिलीज बेअरिंगवर घ्या. त्याच्या आतलं ग्रीस संपलेलं असतं. ते सहसा बाहेरून भरता येत नाही, बेअरिंगच बदलावं लागतं. पण आज आवाज आला आणि उद्या गाडी बंद पडली, असं बहुधा होत नाही. चौकशी करायला तुम्हाला वेळ मिळतो. फार लांबवू मात्र नका. बेअरिंग अडकलं तर प्रेशर प्लेटच्या पाकळ्याही खातं.

याच्या उलट, पाय काढलेला असताना घरघर आहे आणि पेडल दाबताच ती थांबते, असं असेल तर बोट गिअरबॉक्सकडे दाखवा. न्यूट्रलला गाडी उभी असली तरी क्लच सुटलेला नसतो, म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचा पहिला दांडा फिरत राहतो. त्याचं बेअरिंग झिजलं की तो आवाज येतो. अशा वेळी आधी गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. जुन्या गाडीत थोडी सळसळ असतेच. ती वाढते आहे का, एवढ्यावर लक्ष ठेवा.

आता इंजिन बंद करा आणि पेडल हाताने दाबून बघा. कुईकुई आवाज आला तर खुश व्हा. पेडलची पिन, स्प्रिंग, वायर किंवा खालचा फोर्क कोरडा पडलेला असतो. हे काम सहसा स्वस्तात होतं. पेडलच्या पिनेला थोडं ग्रीस पुरतं.

गाडी उचलताना सगळी थरथरते, तेव्हा प्लेटवर तेल आलेलं असू शकतं, फ्लायव्हीलला उष्णतेने डाग पडलेले असू शकतात किंवा इंजिनाचं माउंटिंग फाटलेलं असू शकतं. माउंटिंग बाहेरून दिसतं. ते आधी बघायला सांगा.

क्लच घसरतो तेव्हा मात्र आवाज येईलच असं नाही. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. चढावर जळका वास येतो. ही खूण ओळखा.

वर लिहिलेलं शीर्षक इथे येतं. क्लचची कुठलीही तक्रार असली की "वायर जरा टाइट करून द्या" म्हणायची आपल्याला सवय आहे. मी हे अनेक वर्षं बघत आलो आहे आणि मला ते खटकतं. वायर ताणल्याने झिजलेलं बेअरिंग बरं होत नाही. उलट ते पाकळ्यांवर कायम टेकून फिरत राहतं, म्हणजे चोवीस तास कामाला जुंपलं जातं. त्यातही जास्त ताणलीत तर क्लच सतत अर्धवट सुटलेला राहतो, प्लेट घसरते आणि काही दिवसांत जळते.

म्हणून पेडलला थोडी मोकळीक लागते. गॅरेजमध्ये तिला प्ले म्हणतात. पेडल बोटाने दाबा. सुरुवातीला ते अगदी हलकं जातं, मग एका जागी जड लागतं. तेवढं अंतर म्हणजे प्ले. मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी घ्या, जमिनीवर टेकवून पेडलशेजारी उभी धरा आणि मोजा. मोजताना पाय नको, बोटच. पायाला हा फरक कळत नाही. वायर असलेल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हे अंतर दीड ते अडीच सेंटीमीटरच्या आसपास असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो. तोच खरा माना.

प्ले फार झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर होते. प्ले संपला तर क्लच घसरतो. प्लेट झिजत जाते तसा प्ले आपोआप कमी होतो, आणि वायर लांबली तर वाढतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

प्ले बदलायचा असेल तर इंजिन थंड होऊ द्या. सपाट जमीन, हँडब्रेक आणि चाकामागे वीट. बॉनेट उघडा. गिअरबॉक्सच्या फोर्कपाशी वायरचं आटे पाडलेलं टोक असतं, त्यावर नट असतो. बऱ्याचदा त्यावर धूळ आणि तेलाचा काळा थर बसलेला असतो. फडक्याने पुसा, आट्यांवर दोन थेंब तेल सोडा, पाच मिनिटं थांबा. लॉक नट असेल तर तो आधी सैल करा. मग मुख्य नट अर्धा आटाच फिरवा. नट आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. पेडल दहा वेळा दाबून सोडा आणि पुन्हा मोजा. जमलं नाही तर आणखी अर्धा आटा. शेवटी लॉक नट घट्ट करा. मग मोकळ्या जागी इंजिन चालू करून पहिला आणि रिव्हर्स टाकून बघा.

नटापर्यंत हात पोचत नसेल तर काम मिस्त्रीला द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. तुम्हीही नाही, घरातल्या पोरानेही नाही.

काही गाड्यांत वायर नसते, ऑइलवर चालणारा क्लच असतो. तिथे हा प्ले सहसा असा जुळवायचा नसतो. पेडल मऊ लागलं किंवा खाली जाऊन तिथेच राहिलं तर बॉनेटखालच्या डब्यातल्या ऑइलची पातळी बघा. ब्रेकला वापरतात तेच हे ऑइल असतं, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक व क्लचला मिळून एकच डबा असतो. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळती असू शकते. नुसतं भरून पुढे जाऊ नका. झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला, इंजिन ऑइल चुकूनही नको. हे ऑइल रंग खातं. पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

गिअरबॉक्स खरोखरच उतरवायची वेळ आली, तर बेअरिंग, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट तिन्ही एकदम बदलून घेणं शहाणपणाचं. खर्चाचा मोठा भाग उतरवण्याच्या मजुरीचा असतो. एकट्या बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवला आणि सहा महिन्यांनी प्लेट गेली, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. इंजिनाचं मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासायला सांगा, कारण तिथून गळलेलं तेल नव्या प्लेटवर येतं. काढलेले जुने भाग मागून घ्या. आणि आतली धूळ हवेच्या पाइपने उडवत असतील तर मुलांना घेऊन लांब उभे राहा. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सवयीचं एक सांगतो, कारण बहुतेक क्लच तिथेच जातात. खंबाटकी किंवा ताम्हिणी घाटात वाहनं अडकली की मागे बघा. कित्येक जण हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरतात. प्लेट तिथे घासत उभी असते. घाटात येणारा जळका वास बऱ्याचदा त्याचाच असतो. तुम्ही हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय खाली ठेवा. निघताना पहिला टाका, क्लच धरू लागला की हँडब्रेक सोडा. सिग्नलला उभे असतानाही पाय पेडलवर ठेवून बसू नका. वास आलाच तर मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास थंड होऊ द्या.

वायर अचानक तुटली तर पेडल तळाला जातं आणि परत येत नाही. घाबरू नका. इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा. गाडी रेल्वे फाटकात किंवा वळणावर अडकली असेल तर आधी माणसं खाली उतरवा. ढकलायला कुणी नसेल आणि रेल्वे किंवा दुसरं वाहन येत नसेल, तर पहिल्या गिअरमध्ये स्टार्टर मारा. गाडी धक्के खात चार हात पुढे सरकते. तेवढं बाजूला होण्यासाठीच, घरी जाण्यासाठी नाही.

तुटण्याआधी वायर बऱ्याचदा सांगते. पेडल दिवसेंदिवस जड होतं, सोडताना अडखळतं. टोकाजवळ बारीक तारा सुटलेल्या दिसतात, बोट लावलं तर टोचतात. एवढं दिसलं की वाट बघू नका, वायर बदलून घ्या. गणपतीला किंवा मे महिन्यात लांब गावी निघणार असाल तर तुमच्या गाडीची एक नवी वायर आणून डिकीत टाका. स्टेपनीच्या खाचेत ती सहज मावते.