शापालाही नियम हवा

“भुताच्या सिनेमात लॉजिक कसलं शोधतोस?” हा प्रश्न म्हणजे आळशी पटकथेला दिलेली सूट आहे.

१९४५चा ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ बघा. नियम एकच: वय आणि पाप चित्रावर उमटणार, माणूस तरुणच राहणार. म्हणूनच तो चित्रात सुरा खुपसतो आणि स्वतः मरतो, ते पटतं.

उलट ‘द कॉन्ज्युरिंग २’ (२०१६). एडने रंगवलेल्या ननच्या चित्राआडून सैतान लोरेनच्या अंगावर धावतो. आपण दचकतो. पण शेवटी सैतान हरतो तो त्याचं नाव घेतल्यावर. मग चित्राचं काम काय? फक्त दचकवणं!

शाप काय करू शकत नाही, हे कळल्याशिवाय तो काय करेल याची धास्ती वाटत नाही. दचकणं दोन सेकंदांचं. धास्ती घरापर्यंत सोबत येते.