विश्वकिरणांची वांकडी वाट

हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तेव्हांपासून, ‘तेथें विश्वकिरणही सांपडतील काय?’ असें आम्हांस विचारण्यांत येतें. नाहीं, तेथें गुरुत्वतरंग टिपावयाचे आहेत. ते उगमापासून बहुधा सरळ येतात. विश्वकिरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन, विद्युद्भारित कण. सूर्यमालेबाहेरील चुंबकक्षेत्र त्यांस वळवितें आणि उगमाचा पत्ता हरवतो.

परंतु हें वळणेंच उपयोगीं पडलें. तें क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारें लक्षांशाइतकें क्षीण. तरी त्यामुळें किरण सर्व दिशांनीं सारखे येत नाहींत, हजारीं एकाचा फरक पडतो. त्यावरून क्षेत्राची दिशा अजमावतां येते. २०१४ सालीं ‘आयबेक्स’ उपग्रहानें अन्य मार्गानें काढलेल्या दिशेशीं हा फरक ताडून पाहिला, तों मेळ बसला. उटीस टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ‘ग्रेप्स-३’ वेधशाळाही असे फरक मोजते.

मुलाचें गणित चुकलें तर उत्तर खोडण्यापूर्वीं तें कोठें वळलें हें पाहावें, असें आम्ही वर्गांत म्हणत असूं. ज्योतिर्विदांनीं तेंच केलें आहे.