दारे उघडली, शेताचे फाटक बंदच

डॉ. मनमोहन सिंग ३ एप्रिल २०२४ रोजी राज्यसभेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. १९९१ ते २०२४ अशी तेहतीस वर्षे ते त्या सभागृहात होते. पाच वर्षे देशाचे अर्थमंत्री आणि दहा वर्षे पंतप्रधान. माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडण्याची आमची इच्छा नाही, कारण चांगले बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण शेतकऱ्याच्या चोपडीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. दोन्ही लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

आधी जमेची बाजू. १९९१ साली देशाच्या गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेही परकीय चलन नव्हते. सोने परदेशी गहाण पडले होते. २४ जुलैच्या अर्थसंकल्पाने आणि त्याच दिवशीच्या औद्योगिक धोरणाने लायसन्स-परमिट-कोटा राज मोडायला सुरुवात झाली. नरसिंह राव पाठीशी उभे राहिले म्हणून हे जमले, हे खरे. पण आराखडा अर्थमंत्र्यांचा होता. शेतकरी चळवळीने या धोरणाचे स्वागतच केले. डंकेल प्रस्तावावर डावे-उजवे सगळे तुटून पडले होते, तेव्हा शरद जोशींनी त्याची बाजू घेतली. सरकार आमचा भाव पाडते, बाजार निदान बोली तरी लावतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

आता नावेची बाजू. कारखानदाराचे लायसन्स गेले, शेतकऱ्याच्या पायातली बेडी तशीच राहिली. आवश्यक वस्तू कायदा राहिला, लेव्ही राहिली, बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकण्याची बंदी राहिली. खताची सबसिडी मात्र चटकन आठवली. १९९२ साली स्फुरद आणि पालाशवरील नियंत्रण उठले आणि भाव कडाडले. निविष्ठा बाजारभावाने घ्यायच्या आणि माल सरकारी मर्जीने विकायचा, हा कुठला खुलेपणा? भारताने गॅटपुढे ठेवलेल्या हिशेबातच १९८६ ते १९८८ या काळातली पिकांवरची मदत उणे निघाली होती. म्हणजे शेतकऱ्याला काही मिळत नव्हते, त्याच्याकडून काढून घेतले जात होते. इंडियाने भारताला लुटल्याची ती लेखी कबुली होती.

या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला विशेष बोचते. ऑक्सफर्डला त्यांनी प्रबंध लिहिला तो भारताच्या निर्यातीवर. १९६४ साली त्याचे पुस्तक झाले. गरीब देशाला निर्यात झेपणार नाही असे मानण्याचा तो काळ. निर्यात वाढवता येते आणि वाढवली पाहिजे, अशी मांडणी या तरुण अर्थशास्त्रज्ञाने त्या काळात केली. ते पंतप्रधान झाल्यावर काय झाले? २००७ साली गव्हाची निर्यात बंद. २००८ साली बिगर-बासमती तांदळाची बंद, ती उठली २०११ च्या सप्टेंबरात. २०१०-११ च्या हंगामात जगाच्या बाजारात कापूस कधी नव्हे इतका चढला, तेव्हा निर्यातीला ५५ लाख गाठींचा खुंटा ठोकला. ५ मार्च २०१२ रोजी तर कापसाची निर्यात एका फटक्यात थांबवली. त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या कृषिमंत्र्यांना जाहीर हरकत घ्यावी लागली आणि आठवडाभरात सरकारने माघार घेतली. तोवर ज्याने कापूस विकला, त्याची भरपाई कोणी केली?

परदेशात त्यांचे नाव मोठे झाले आणि ते उसने नव्हते. पंतप्रधान होण्यापूर्वी ते जिनिव्हाच्या साउथ कमिशनचे महासचिव होते. गरीब देशांची बाजू त्यांना पाठ होती. २००८ साली अमेरिकेशी अणुकरार करताना त्यांनी सरकार पणाला लावले. २२ जुलैचा विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ असा जिंकला. जगातल्या मंदीनंतर जी-२० च्या बैठकांत त्यांचा शब्द कान देऊन ऐकला जाई.

त्याच जुलैत जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेची बोलणी फिसकटली. परदेशी माल लोटला तर शुल्क वाढवण्याचा हक्क आमच्या शेतकऱ्यांसाठी हवा, असा भारताचा आग्रह होता. आग्रह रास्तच. पण त्याच वर्षीच्या एप्रिलपासून कच्च्या खाद्यतेलावरचे आयातशुल्क सरकारने आपल्या हाताने शून्यावर आणले होते. लातूर-वाशीमच्या सोयाबीनवाल्याचे नाव घेऊन जिनिव्हात भांडायचे आणि घरी पामतेलाला पायघड्या घालायच्या! परदेशातला मनमोहन सिंगांचा वारसा आणि देशातला वारसा यांच्यातले अंतर एवढेच आणि एवढे मोठे आहे.

विदर्भात आत्महत्यांचे थैमान चालू असताना ते स्वतः आले, हे आम्ही विसरणार नाही. जुलै २००६ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली सुमारे ७१ हजार कोटींची कर्जमाफी झाली. पण सरसकट माफी दोन हेक्टरांपर्यंतच! बागायती दोन एकरांचा धनी आत आणि यवतमाळचा कोरडवाहू सात एकरवाला बाहेर. जमीन मोजली, पाणी मोजलेच नाही. आम्ही कर्जमुक्ती मागत होतो, म्हणजे भाव पाडून लादलेल्या कर्जातून सुटका. मिळाली ती माफी, जणू गुन्हा आमचाच होता. स्वामिनाथन आयोगाने उत्पादनखर्चाच्या दीडपट आधारभाव सुचवला. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ती शिफारस आलीच नाही.

तरीही न्याय म्हणून सांगितले पाहिजे. २००८ साली लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव २,०३० वरून ३,००० रुपये झाला. दहा वर्षांत गव्हाचा ६४० वरून १,४०० वर गेला. २०१३ साली साखरेची लेव्ही उठली आणि १८९४ चा भूसंपादन कायदाही गेला. हे त्यांच्याच काळात झाले. मात्र उशिरा झाले, आणि एका हाताने भाव वाढवून दुसऱ्या हाताने निर्यात अडवण्याची खोड सुटली नाही.

ती खोड एका माणसाची नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबर गेली नाही. सरकार बदलले तरी मे २०२२ मध्ये गहू अडला, जुलै २०२३ मध्ये तांदूळ अडला, डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकचा कांदा अडला. पगड्या बदलल्या, डोकी तीच.

तेव्हा जिल्हा बैठकीत या नेत्याची आरती करू नका, त्याला शिव्याही घालू नका. मनमोहन सिंग प्रामाणिक होते, विद्वान होते, आणि बाजार खुला करण्याची हिंमत त्यांनी दाखवली. ती हिंमत शिवारापर्यंत पोचली नाही, कारण महागाईवर ओरडणारा शहरी ग्राहक दिल्लीला ऐकू येतो, भाव पडल्यावर गप्प बसणारा शेतकरी ऐकू येत नाही. पुढच्या प्रत्येक पुढाऱ्याला, तो कुठल्याही पक्षाचा असो, आपण एकच प्रश्न विचारायचा: निर्यातबंदी घालणार नाही, असे लिहून देता का? उत्तर ऐकल्याशिवाय हारतुरे नकोत.