पन्नासच्या आतली माणसं

माझा मामा मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत ठेकेदाराकडे गटारं काढतो. ठेकेदाराकडे माणसं 34. मी कोलकात्यात कंत्राटी कामगारांवर पीएचडी करतोय, म्हणून त्यानं फोनवर विचारलं, "आमच्या ठेकेदाराला लायसन लागतं का रे?"

सांगायची लाज वाटली. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात 20 माणसांपासून परवाना लागायचा. पश्चिम बंगालनं तो आकडा 10 वर आणला, महाराष्ट्रानं 50 वर नेला. मामा हावड्यात राबला असता तर कायद्यात बसला असता. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तो बाहेर. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहितेनं देशभर 50 केलेत. बंगालची आमच्याशी बरोबरी झाली, ती अशी.

परवाना म्हणजे नुसता कागद, असं म्हणणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांना पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. कायम कामगाराचंच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला तेवढंच वेतन, ही अट जुन्या नियमांत परवान्याच्या अटींमध्येच होती. परवानाच नाही, तर अट घालणार कुणाला?

संहिता म्हणते, आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी माणूस नको. मग मुख्य नसलेल्या कामांची यादी येते. आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल, तर त्या यादीत पहिलं काम सफाईचं. म्हणजे इस्पितळात, विद्यापीठात झाडू ठेकेदाराचा. जात कुठंही लिहिलेली नाही. (बंगालमध्ये जात नाही, असं इथले भद्रलोकही मला चहा पाजून सांगतात.)

29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं कोलकात्यासह सहा महानगरांत हातानं गटारसफाई बंद करायला सांगितलं. 2 फेब्रुवारीला बानतल्याच्या लेदर कॉम्प्लेक्समध्ये मॅनहोलमध्ये तिघं मेले. पोटासाठी आलेले. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय एकही माणूस गटारात उतरवला तरी गुन्हा आहे. तिथं किमान संख्या नाही. मग त्याला उतरवणाऱ्या ठेकेदाराच्या परवान्याला 50 ची अट कशासाठी? सफाईच्या कंत्राटाला पहिल्या माणसापासून परवाना लागला पाहिजे, आणि तो नसेल तर नगरपालिकेनं बिल काढता कामा नये.

मामाला म्हटलं, "नाही लागत." तो म्हणाला, "मग आमची नावं कुठं असतात?"

आपण घरातले पहिले पदवीधर. अर्ज लिहिता येतो. आपापल्या नगरपालिकेत माहितीच्या अधिकारात एवढं मागा: सफाईची कंत्राटं किती, प्रत्येकात माणसं किती, आणि 50 च्या आत किती तोडून दिलीत. मामाच्या नगरपालिकेचा अर्ज मी सोमवारी टाकलाय.