अकबर पदमसींचा हरवलेला सिनेमा

फ्रान्समध्ये ज्याँ कॉक्तो (१८८९-१९६३) नावाचा माणूस होऊन गेला. कविता लिहायचा, चित्रं काढायचा, नाटकं करायचा आणि सिनेमेही. १९३० साली त्याने केलेला 'द ब्लड ऑफ अ पोएट' आज यवतमाळात बसून मोबाइलवर पाहता येतो. त्याच वळणाचा कलावंत आपल्याकडेही झाला. मुंबईचे अकबर पदमसी. त्यांचा एक सिनेमा मात्र आता कुणालाच पाहता येत नाही.

पदमसी १९२८ साली मुंबईतल्या खोजा कुटुंबात जन्मले, जे. जे.मध्ये शिकले, १९५१ साली रझांसोबत पॅरिसला गेले. तिथे पुढच्याच वर्षी आंद्रे ब्रेतोंच्या हस्ते बक्षीस मिळालं. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लागलं, तर 'लव्हर्स' ही चित्रं अश्लील ठरवून पोलीस हजर! चित्रं काढून घ्या म्हणाले. सव्वीस वर्षांच्या या तरुणाने नकार दिला, खटला लढवला आणि जिंकलाही.

१९६९ साली नेहरू फेलोशिप मिळाली. दुसऱ्या कुणी त्या पैशांत निवांत चित्रं काढली असती. पदमसींनी कॅमेरा आणि इतर साधनं जमवून सगळ्यांसाठी कार्यशाळा उघडली, व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप. मणी कौल, कुमार शहानी, नलिनी मलानी ही मंडळी तिथे आली. स्वतः पदमसींनी दोन छोटे सिनेमे केले. 'सिझिजी' म्हणजे नुसत्या रेषांचा खेळ, आवाजच नाही. राम मोहन यांनी त्यांची रेखाटनं हलती केली. दुसरा 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. मोजक्या वेळा दाखवला गेला आणि त्याची प्रिंट हरवली ती कायमचीच. चाळीसेक वर्षांनी आशिम अहलुवालियांनी म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारे तो पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला. पण ती आठवणच, मूळ नव्हे.

पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचा १९६७चा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' टिकला. त्याच्यामागे फिल्म्स डिव्हिजन होतं. पदमसींमागे कोण होतं?

आपल्या जलशांत थोर मुस्लिमांची यादी वाचली जाते. गायक, नट, शायर, क्रिकेटपटू असतात. पदमसी २०२० साली गेले, पद्मभूषण होते, तरी त्या यादीत मी त्यांचं नाव कधी ऐकलं नाही. तसवीर जायज की नाजायज, यावर मात्र तासन् तास वाद ऐकलेत. तो वाद घालणाऱ्यांच्याच कपाटात निकाहच्या व्हिडिओ कॅसेट पडून आहेत, बुरशी चढलेल्या. पुसद, दारव्हा, वणी, कुठेही विचारा. जुन्या फोटो स्टुडिओंतल्या निगेटिव्ह रद्दीच्या वाटेवर आहेत. कॅसेट चालवणारी यंत्रं दुरुस्त करणारे एखाद-दोनच उरलेत. या सुट्टीत कॉलेजच्या पोरांनी मोहल्ल्यातल्या कॅसेट गोळा करून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. खर्च लागला तर वर्गणी काढू. पहिले पैसे माझे.