आज्ञा कुणी कुणाची पाळायची?

पांढुर्णा आणि सौसर हा मध्य प्रदेशातला मुलूख आपल्यासारखाच दुभाषी. आपल्याकडे मराठीच्या जोडीला कन्नड, तिथे हिंदी. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, सौसर त्यात गेलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधे पळसाचं झाड रोवतात आणि दोन्हीकडून दगड सुरू. आजवर माणसं दगावली आहेत. कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून नेली. दोघं नदीत असताना मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडचेही मग मागे राहिले नाहीत.

कथा खरी की खोटी, ते असो. मला तिच्यात एक घर दिसतं. मुलगी आज्ञेबाहेर गेली आणि वडीलधाऱ्यांच्या हाती दगडाशिवाय काही उरलं नाही.

मुलांनी आईबापांचं ऐकावं, हे बायबलही सांगतं. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच तशी आहे. पण चौथ्या वचनात पौल बापांकडे वळतो : पोरांना चिडीला आणू नका. बापाचा शब्द हाच कायदा असलेल्या रोमन जगात हे लिहिलंय! पाचव्या अध्यायातलं बावीसावं वचन, बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, हे तर लग्नात हमखास ऐकू येतं. मात्र काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत त्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून घ्यावं लागतं, आणि तिथे सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन व्हायचं आहे. हे वचन वाचताना बरेचजण चष्मा पुसत असावेत.

मराठीत याचं उदाहरण म्हणजे रेव्हरंड टिळकांचं घर. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न विचारता. स्वभावानं तापट, नम्रतेचे पुतळे ते नव्हतेच. लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे परत आल्या त्या धर्म न बदलता, स्वतःचं सोवळंओवळं सांभाळून, आणि टिळकांनी ते चालू दिलं. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात सोवळ्याचा स्वयंपाक! लोक काय म्हणाले असतील, कल्पना करा.

लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, स्वतःच्या मनानं. दोघांच्या भांडणांची सगळी हकीगत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. घरात प्रत असेल, तर सुनेच्या आधी सासऱ्यांनी वाचायला घ्यावी.